वस्तऱ्याच्या दगडाचे गाव

काही गावे देवळांनी ओळखली जातात, काही किल्ल्यांनी, तर काही केवळ हातांच्या कसबाने. पैठण म्हटले की पैठणी, मिरज म्हटले की सतार आणि सावंतवाडी म्हटली की लाकडी खेळणी, हे आपल्याकडे शाळकरी पोरही सांगेल. पण एखाद्या गावाचे नाव पुरुषमंडळींच्या दाढीने जगभर व्हावे, ही गोष्ट मला तरी नवीन होती. असे एक गाव आहे. बेल्जियमच्या आग्नेय कोपऱ्यात आर्देन नावाचे डोंगर आहेत. त्या डोंगरांत साल्म नदीच्या काठी व्हिएलसाल्म आणि त्याला लागूनच साल्मशातो ही दोन लहान गावे आहेत. वस्तऱ्याला धार लावण्याचा जो पिवळा दगड जगातल्या नामांकित न्हाव्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरला, तो या गावांच्या आणि आसपासच्या पाचसहा खेड्यांच्या पोटातून निघाला.

माझी मुलगी नोकरीनिमित्त लीएज शहरात राहते. सप्टेंबरात तिच्याकडे गेलो असता एका रविवारी आम्ही बापलेक आगगाडीने निघालो. लीएजचे गिलेमँ स्थानक म्हणजे काच आणि पोलाद यांचा एक प्रचंड पांढरा मांडवच आहे. कालात्राव्हा नावाच्या स्पॅनिश वास्तुशिल्पज्ञाने तो उभा केला आणि 2009 साली त्याचे उद्घाटन झाले. या झगमगाटातून निघालेली आपली साधीसुधी गाडी लक्झेंबर्गच्या दिशेने दक्षिणेला वळते आणि हां हां म्हणता दरीत शिरते. आधी ऊर्त नदी, मग आंब्लेव्ह, मग साल्म. एकीचा हात सोडावा तो दुसरी हात धरायला उभी. दोहों बाजूंनी गर्द झाडी, मधूनच एखादा बोगदा, कू येथे धबधबा. खंडाळ्याच्या घाटाची आठवण झाली खरी, पण आपल्या घाटाचा रांगडेपणा इथे नाही. इथले डोंगर म्हातारे झाले आहेत. त्यांचे सुळके झिजून त्यांना गोलाई आली आहे.

व्हिएलसाल्मला उतरलो तेव्हा धुके नुकते विरत होते. घरांची छपरे काळसर जांभळ्या दगडी कौलांची. आपण लहानपणी ज्या पाटीवर अक्षरे गिरवली, त्याच जातीचा हा दगड. गावकऱ्यांना चेटकिणींचे भारी वेड! दर वर्षी 20 जुलैच्या रात्री इथे चेटकिणींची जत्रा भरते आणि डोंगरातल्या रानटी जांभळ्या बोरांचा उत्सव होतो. हसतमुख दिसणाऱ्या या गावाने दुःखही पुष्कळ पाहिले आहे. 1944 च्या डिसेंबरात जर्मनांनी याच डोंगरांतून शेवटची मोठी चढाई केली. तेव्हा सांक्त व्हिथच्या बाजूने माघार घेणारे अमेरिकन सैन्य 23 तारखेला साल्मवरच्या पुलांवरून पलीकडे गेले. आज त्या नदीत बदके पोहताना पाहून यावर विश्वास बसत नाही.

तिथून साल्मशातोपर्यंत रस्ता नदीच्या काठाकाठाने जातो. सरदारांच्या जुन्या गढीचे भग्न बुरूज वर झाडीत दिसतात, आणि खाली रस्त्यालगत एक जुना कारखाना आहे. हेच कोतिक्यूलचे संग्रहालय. कोतिक्यूल हे त्या पिवळ्या दगडाचे नाव. लॅटिन भाषेत धार लावायच्या लहान दगडाला जो शब्द होता, त्यावरून ते आले.

आता मी इथे का गेलो, ते सांगायला हवे. माझ्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक दगडाचा तुकडा होता. तो आमच्या दादरच्या नानांचा.

नाना म्हणजे आमच्या गल्लीतले केशकर्तनालयवाले. माझी, माझ्या वडिलांची आणि माझ्या मुलाची अशा तीन पिढ्यांची डोकी त्यांच्या हाताखालून गेली. वय ऐंशीच्या घरात. दुकान आता नातू पाहतो. एड्स आणि कावीळ यांच्या भीतीने दुकानांतून जुना वस्तरा गेला आणि गिऱ्हाइकागणिक नवी अर्धी पात बसवायचा वस्तरा आला. तो योग्यच झाला, असे नाना स्वतः म्हणतात. पण स्वतःची दाढी मात्र ते अजून बापाच्या वस्तऱ्याने करतात, आणि त्याला बापाच्या दगडावर धार लावतात. तो दगड त्यांच्या वडिलांनी गोदीत बोटीवरच्या एका न्हाव्याकडून घेतला होता. वरून पिवळा, खालून जांभळट काळा. गेल्या पावसाळ्यात दुकानातली फळी कोसळली आणि दगडाचे दोन तुकडे झाले. एक दोन तृतीयांश, दुसरा एक तृतीयांश.

नाना चार दिवस दुकानात आले नाहीत. नातू म्हणाला, "काका, आजोबांना समजवा. तो कारखान्यातला दगड आहे. दोन थर सरसाने चिकटवलेले स्पष्ट दिसतात. बाजारात तसले पन्नास मिळतील." नाना म्हणत, तो दगड जर्मन आहे, अस्सल खाणीतला. आणि माझ्यापाशी त्यांनी दोनच प्रश्न टाकले : "साहेब, तुम्ही तिकडे चाललाच आहात तर एवढे विचारून या. हा दगड कुठला? आणि सांधेल का?" पहिल्या प्रश्नात बापाचा शब्द पणाला लागला होता आणि दुसऱ्यात बापाची आठवण.

निघण्यापूर्वी मी घरी एक प्रयोग केला. वाचकांपैकी कुणाच्या घरी असा जुना दगड असेल, तर त्यांनीही करून पाहावा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो लहान तुकडा तोलला. 174 ग्रॅम भरला. मग दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा टांगून तोलला. 114 भरला. म्हणजे पाण्यात वजन 60 ग्रॅमने घटले. 174 ला 60 ने भागले की 2.9 येतात. इतक्या आकाराच्या पाण्यापेक्षा हा दगड जवळजवळ तिप्पट जड. साधा पाटीचा दगड 2.7 ते 2.8 पट भरतो. अमेरिकेतल्या आर्कान्सासचा प्रसिद्ध गारेचा दगड त्याहून हलका. आणि कारखान्यात दाणे भाजून केलेल्या दगडाला बारीक छिद्रे असतात. पाण्यात टाकला की त्यातून बुडबुडे निघत राहतात. नानांच्या दगडातून एकही बुडबुडा निघाला नाही. नातवाचे म्हणणे तिथेच डळमळले होते.

संग्रहालयात एक वयस्क गृहस्थ भेटले. त्यांचे वडील खाणीत होते. त्यांना फ्रेंच सोडून काही येत नव्हते, आणि मला फ्रेंच सोडून बाकी सगळे! मुलगी मध्ये दुभाषी. मी वर्तमानपत्र सोडले. गृहस्थांनी तुकडा हातात घेतला, पण पिवळ्या बाजूकडे पाहिलेच नाही. आडवा धरून त्याची कड पाहिली. चष्मा वर सरकवला, कड ओली केली आणि पुन्हा पाहिली. मग मुलीला म्हणाले, "तुझ्या वडिलांना सांग, दगड घरी आला आहे."

कड पाहण्यात काय मर्म होते, ते त्यांनी समजावून सांगितले. पिवळ्या दगडाचा थर डोंगरात जांभळ्या पाटीच्या दगडात दबलेला असतो. काही ठिकाणी तो बोटाच्या पेराएवढाही जाड नसतो. नुसता पिवळा तुकडा पातळ आणि ठिसूळ, म्हणून पुष्कळदा त्याच्या खाली पाटीचा दगड सरसासारख्या पदार्थाने चिकटवत. अशा दगडाची सांध्याची रेघ रेशमी दोऱ्यासारखी सरळ असते. पण जिथे निसर्गानेच दोन्ही थर एकत्र सांधले, तिथे रेघ थोडी नागमोडी जाते. एका रंगाची बोटे दुसऱ्यात शिरलेली दिसतात. नानांच्या दगडाची रेघ नागमोडी होती. नातवाला जो सांधा सरसाचा वाटला, तो सुमारे 48 कोटी वर्षांपूर्वी एका समुद्राच्या तळाशी बसलेल्या गाळाचा होता.

मग त्यांनी मला भिंगातून पिवळा पृष्ठभाग दाखवला. त्यात काय दिसायचे? सारे गुळगुळीत! खरे गुपित सूक्ष्मदर्शकाखालीच उघडते. 1870 नंतरच्या दशकात अल्फोन्स रनार या बेल्जियन भूवैज्ञानिकाने या दगडाचे पातळ काप काढून तपासले. पुढे चॅलेंजर जहाजाने आणलेल्या समुद्रतळाच्या गाळाचा अभ्यास करून जगप्रसिद्ध झाला, तोच हा. या पिवळ्या दगडात मँगनीजयुक्त गार्नेटचे असंख्य सूक्ष्म मणी असतात. गार्नेट म्हणजे आपण अंगठीत घालतो तो तामडा. एकेक मणी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, आणि साधारण बारा पैलूंचा. दगडाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग या मण्यांचा, बाकी मऊ अभ्रकासारखे द्रव्य. मणी पोलादाला कापतात. पण त्यांचे कोपरे बोथट असल्यामुळे खोल ओरखडा काढत नाहीत. म्हणून या दगडावरची धार तीक्ष्ण असूनही गालाला मायेने लागते. तामड्याच्या वजनामुळेच दगड जड. नुसता पिवळा भाग तोलला तर तो पाण्याच्या तिपटीहूनही जड भरतो. पाटीचा थर खाली असल्यामुळे आमचा आकडा 2.9 वर थांबला होता.

"पण आमचे नाना याला जर्मन म्हणतात," मी विचारले. गृहस्थ हसले. जर्मनीच्या थुरिंजिया प्रांतातही उत्तम वस्तऱ्याचे दगड निघत. ते एकजात निळसर, राखाडी नाहीतर हिरवट, दोन रंगांचे नव्हेत. इंग्लंडात लेस्टरशायरच्या चार्नवुड रानातला दगड हिरवा, त्यावर तांबूस छटा. जपानात क्योटोजवळच्या डोंगरांत निघणारे दगड वेगळेच. पण पिवळा आणि जांभळा यांची अशी जोडी म्हणजे आर्देनची सही. अजून शंका असेल तर दगडावर पाण्याचा थेंब टाकून त्याच जातीच्या लहान दगडाने घासावे. पिवळ्याचे पाणी दुधासारखे येते. याच डोंगरातल्या निळ्या दगडात मणी मोठे आणि कमी. त्याचे पाणी जांभळट येते.

एवढे बोलून त्यांनी ओल्या पिवळ्या दगडावर छोटा दगड फिरवला. सहाणेवर गंध उगाळावे तसे पांढरे दूध निघाले. त्यांनी त्यात एका जुन्या वस्तऱ्याचे पाते फिरवले आणि दर काही हातांनी बोटाने एकेक थेंब पाणी टाकत गेले. दूध पातळ, आणखी पातळ, शेवटी निव्वळ पाणी. मला हसू आवरेना. मुलीने विचारले, "बाबा, काय झाले?" काय सांगणार! दादरच्या दुकानात बाकावर बसून, नाना हीच क्रिया याच क्रमाने करताना मी शेकडो वेळा पाहिली होती. दाट लगद्यात मणी मोकळे होऊन भरभर कापतात, पण तेच मणी धारेवर आपटून तिला किंचित बोथटही करतात. म्हणून शेवटी पाणी निव्वळ हवे. हे शास्त्र नानांना कुणी सांगितले नव्हते. बोटीवरच्या न्हाव्याने त्यांच्या वडिलांना दगडाबरोबर हातही दिला होता, एवढेच.

दगडाला ओल लागते, हे फार जुने ज्ञान आहे. रोमचा प्लिनी पहिल्या शतकात लिहून गेला की, धारेच्या दगडांच्या चार जाती. काहींना तेल लागते, काहींना पाणी, काहींना दोन्ही, आणि चौथी जात न्हाव्यांच्या दुकानांत थुंकी लावून वापरतात! रोमन गिऱ्हाइकांच्या सोशिकपणाचे कौतुक वाटले.

संग्रहालयातली जुनी यंत्रे पाहिली. करवती, घासण्याच्या चकत्या, मापाचे लाकडी साचे. प्रत्येक थराला खाणकामगारांनी नाव दिलेले : ला व्हेनेत, ला ग्रोस ब्लांश, ला द्रेसांत. आपल्याकडे शेतकरी बैलांना देतात तशी. हे थर पुष्कळ ठिकाणी तिरके किंवा उभे गेलेले. त्यांचा माग काढत माणसे अंधारात, पाण्यात, जांभळा खडक फोडत जात. पुष्कळसा खडक फेकायचा आणि थोडासा पिवळा वर आणायचा. त्यातही चौकोनी निघेल तो चांगल्या भावाचा, वेडावाकडा निघेल तो स्वस्त. पण धार दोघांची सारखीच! माणसांच्या बाजाराचाही न्याय असाच नाही काय?

हा सारा व्याप कशाने बसला? दोन अमेरिकन माणसांनी. एडवर्ड अॅचेसन याने 1891 साली विजेच्या भट्टीत कार्बोरंडम बनवले, आणि कृत्रिम दगड स्वस्त झाले. दुसरा किंग जिलेट. त्याची फेकून द्यायच्या पात्याची दाढी 1903 साली बाजारात आली. पहिल्या वर्षी अवघे 51 वस्तरे खपले! पण पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या सामानात तो वस्तरा गेला, आणि घरी परतलेल्या सैनिकांनी जुन्या वस्तऱ्याकडे पाठ फिरवली. धार लावायची गरजच संपली तिथे दगड कोण घेणार? खाणी एकेक करून बंद पडल्या. विसाव्या शतकाच्या अखेरीस हौशी मंडळी जुन्या वस्तऱ्याकडे पुन्हा वळली तेव्हा कुठे या भागात दगड काढण्याचे काम लहान प्रमाणावर पुन्हा सुरू झाले.

आता उरला नानांचा दुसरा प्रश्न. सांधेल का? गृहस्थांनी मान हलवली. "सांधेल, पण सांधू नका." हल्लीच्या दोन नळ्यांच्या रसायनाने दगड पक्का चिकटतो. पण वस्तऱ्याची धार केसाहून नाजूक. सांध्याची रेघ नखाला लागली तरी धारेला ती दगडासारखी लागेल. नखाला न जाणवणारी केसासारखी चीर असेल तर खुशाल वापरावी. आरपार तुटलेल्याची गोष्ट निराळी. त्यांनी बोटाने पिवळ्या थराची जाडी दाखवली. चारेक मिलिमीटर उरली असेल. "इतका पातळ कसा झाला?" मी विचारले. "झिजून. हा दगड कुणीतरी रोज वापरला आहे. कपाटात ठेवलेले दगड असे दिसत नाहीत." वर म्हणाले, एका माणसाच्या दाढीला एवढा थर नातवाच्या नातवापर्यंत पुरेल. मोठा तुकडा सपाट करा, लहान तुकडा त्यावर दूध काढायला ठेवा. पूर्वी मोठ्या दगडाबरोबर लहान दगड देतच असत.

मुंबईला आल्यावर मी नानांना सारे सांगितले. दगड अस्सल खाणीतला, हे ऐकून त्यांनी नातवाकडे नुसते पाहिले. जर्मन नव्हे, बेल्जियमचा, हे त्यांनी मोठ्या मनाने मान्य केले. "शेजारीच ना?" पण सांधू नये म्हटल्यावर चेहरा उतरला. "बापाचा दगड अर्धा करू?" मी काही बोललो नाही. नाना बराच वेळ दोन्ही तुकडे जुळवून पाहत बसले. मग म्हणाले, "बाप असता तर म्हणाला असता, दगड धारेसाठी असतो, देव्हाऱ्यासाठी नाही."

मग आम्ही तिघे कामाला लागलो. आधी कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण लावून वर्षानुवर्षांचे वंगण काढले. उकळते पाणी वापरू नये, कारण चिकटवलेला दगड असला तर सांधा सुटतो, आणि अस्सलालाही तडा जाण्याची भीती. मग जाड काचेवर कार्बोरंडमची पूड आणि पाणी घेतले, दगडावर पेन्सिलीने उभ्याआडव्या रेघा मारल्या आणि रेघा सगळीकडून सारख्या पुसल्या जाईपर्यंत दगड घासला. मध्यभागी खोलगट झालेला भाग सर्वांत शेवटी पुसला गेला. साठसत्तर वर्षे दोन माणसांचे हात जिथून गेले होते, ती ही जागा. घासताना दगड सतत ओला ठेवायचा. कोरडी धूळ फुप्फुसाला वाईट. शेवटी तुटलेली बाजू आणि चारी कडा किंचित गोल केल्या, म्हणजे वस्तरा अडकत नाही. लहान तुकड्याचेही तेच केले. गंमत अशी की ज्या कार्बोरंडमने या दगडाचा धंदा बसवला, त्यानेच त्याला सपाट केले!

त्या संध्याकाळी नानांनी नातवाला समोर बसवले. मोठा तुकडा ओल्या फडक्यावर ठेवला, लहान तुकडा त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "हां, आता उगाळ. जोर नको लावूस. गंध उगाळतोस असे समज." पिवळ्या दगडावर पांढरे दूध आले. नातू म्हणाला, "आजोबा, पाणी कधी घालायचे?" नाना म्हणाले, "दगड सांगतो."

आता दिवाळीची साफसफाई झालीच असेल. कुणाच्या माळ्यावर आजोबांच्या दाढीच्या पेटीत काळवंडलेला, वेडावाकडा दगड निघाला असेल तर तो कचऱ्यात जाऊ देऊ नका. त्याची कड पाहा, पाण्यात तोला, वर एक थेंब टाकून घासा आणि दुधाचा रंग पाहा. तो कुठल्या तरी दूरच्या डोंगराचा असेल, किंवा आपल्याच गावच्या ओढ्यातला असेल. पण मध्यभागी खोलगट झिजलेला असेल, तर तो तुमच्याच घरातल्या कुणाच्या तरी हाताखाली झिजला आहे, एवढे नक्की.